हातचे राखून न ठेवता

सामान्य काळातील बत्तिसावा रविवार – ब वर्ष
वाचने : १ राजे १७:१०-१६, इब्री ९:२४-२८, मार्क १२:३८-४४



काही दिवसांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक तरुण संध्याकाळच्या मिस्सानंतर मला भेटायला आला. बोटीवरच्या नोकरीसाठी त्याने इंग्रजीत अर्ज लिहिला होता आणि तो मी तपासून द्यावा अशी त्याची इच्छा होती. अर्ज चांगला होता. पण एका वाक्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "फादर, इथे मी 'हार्ड वर्क' लिहिलंय. ते फार साधं वाटतं. 'हंड्रेड पर्सेंट' तर सगळेच लिहितात. याच्यापेक्षा मोठा शब्द नाही का?"

मी कपाटातून समानार्थी शब्दांचा जाडजूड कोश काढला. इंग्रजीत त्याला 'थिसॉरस' म्हणतात. रोझे नावाच्या एका इंग्लिश डॉक्टरने असा कोश १८५२ साली प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून ते नाव अशा कोशांना चिकटले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'खजिना'. आम्ही दोघे त्या खजिन्यात शिरलो. फुल, होल, टोटल, कम्प्लीट, एन्टायर, परफेक्ट, अटमोस्ट, ऑल-आउट... पानभर शब्द निघाले. मुलगा खूश झाला. त्यातले तीन-चार त्याने एकाच वाक्यात बसवले. वाक्य एवढे जड झाले की वाचताना मलाच धाप लागली!

तो गेल्यावर मी त्या पानाकडे पाहत बसलो. माणसाला 'पूर्ण' या एका गोष्टीसाठी इतके शब्द का लागावेत? बारकाईने पाहिले तर प्रत्येक शब्द काहीतरी वेगळे सांगतो. 'कम्प्लीट' म्हणजे मुळात भरून काढलेले. 'परफेक्ट' म्हणजे शेवटपर्यंत केलेले, मध्येच न सोडलेले. 'एन्टायर' ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ 'न शिवलेले', ज्यातून कोणी काही काढून घेतलेले नाही असे. 'टोटल' ज्या लॅटिन शब्दातून आला त्याच शब्दातून पोर्तुगीज भाषेतला 'तुदु' आला. कोर्लईच्या आपल्या आजींना त्याचा अर्थ सांगायला नको. तुदु म्हणजे सगळे. आणि 'होल' म्हणजे अखंड. हा शब्द 'हील', 'हेल्थ' आणि 'होली' यांच्या कुटुंबातला आहे. बरे होणे, निरोगी असणे आणि पवित्र असणे हे सारे अखंड असण्याच्याच घरातले. अर्थात आपल्याकडे बादलीला पडलेल्या भोकालाही 'होल' म्हणतात. एका होलमध्ये काही कमी नाही आणि दुसऱ्या होलमधून सगळे वाहून जाते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपली मराठी तरी कुठे मागे आहे? घागर काठोकाठ भरते, तळे तुडुंब भरते. या दिवसांत झोडणी झालेल्या खळ्यावर भाताचे माप शिगोशीग भरले जाते. आणि प्रयत्नांसाठी तर विचारूच नका. आपण कंबर कसतो, पदर खोचतो, जीव ओततो, जिवाचे रान करतो, रक्ताचे पाणी करतो. प्रयत्नांची पराकाष्ठा करतो, म्हणजे अगदी शेवटच्या सीमेपर्यंत जातो. इंग्रजी 'अटमोस्ट'चाही अर्थ हाच, सर्वांत बाहेरचे टोक. आपण शर्थ करतो. हा शब्द अरबीतल्या 'शर्त' वरून आला. शर्त म्हणजे पैज. शर्थ करणारा माणूस काहीतरी पणाला लावतो. आणि सर्वांत मोठा शब्द 'सर्वस्व', जे जे म्हणून माझे स्वतःचे, ते सगळे.

एवढे शब्द असूनही मराठीने आणखी एक शब्दप्रयोग घडवला आहे आणि माझ्या मते आपली खरी परीक्षा तोच घेतो. तो म्हणजे 'हातचे राखून'. लहानपणी बेरीज करताना आपण 'हातचा एक' म्हणायचो. तो पाटीवर उत्तराच्या जागी दिसत नसे, पण बाजूला जपून ठेवलेला असे. मोठेपणीही आपण तेच करतो. तोंडाने 'तन-मन-धन' म्हणतो आणि एक हातचा बाजूला ठेवतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलने केलेली पूर्णाची व्याख्या आम्हांला पाठ करावी लागे. ज्याचा एकही भाग त्याच्या बाहेर उरलेला नाही, ते पूर्ण. तेव्हा ती मला फार कठीण वाटायची. आज वाटते, आपल्या शाळेच्या पाटीवर ती आधीच होती. हातचा उरला असेल तर हिशेब पूर्ण झालेला नाही.

गेल्या रविवारचे शुभवर्तमान आठवा. एका शास्त्र्याने प्रभू येशूला पहिली आज्ञा कोणती म्हणून विचारले. येशूने उत्तरात 'संपूर्ण' हा शब्द चार वेळा उच्चारला. संपूर्ण अंतःकरण, संपूर्ण जीव, संपूर्ण मन आणि संपूर्ण शक्ती यांनी देवावर प्रीती करायची. ही आज्ञा मुळात अनुवाद या ग्रंथातील. तिथे 'शक्ती'च्या जागी जो हिब्रू शब्द आहे तो मोठा गमतीचा आहे. 'मेओद'. हिब्रूत एरवी त्याचा अर्थ नुसताच 'खूप' किंवा 'फार' असा होतो. जणू मोशेला पुरेसा मोठा शब्द सापडला नाही, म्हणून त्याने म्हटले, 'तुझ्या सगळ्या खूपपणाने' देवावर प्रीती कर. पुढे यहुदी गुरुजनांनी या शब्दाचा फार व्यवहारी अर्थ लावला. ते म्हणाले, याचा अर्थ 'तुझ्या सगळ्या पैशाअडक्यासह'. माणूस हातचा कुठे राखतो हे त्यांना नेमके ठाऊक होते!

संत मार्कने आपले शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिले. त्या आज्ञेतील चारही ठिकाणी त्याने जो शब्द वापरला तो 'होलोस'. इंग्रजी 'होल'सारखा ऐकू येतो, पण दोघांची घराणी वेगळी आहेत. याच 'होलोस'पासून 'कॅथोलिक' हा शब्द तयार झाला. ख्रिस्तसभेला हे नाव लावलेले आपल्याला प्रथम दिसते ते दुसऱ्या शतकाच्या आरंभी, अंत्युखियाचे संत इग्नेशियस यांच्या पत्रात. कॅथोलिक म्हणजे संपूर्णाला धरून असलेला. दाखल्यावर, फॉर्मवर, लग्नपत्रिकेवर आपण हा शब्द सहज लिहितो. तो किती मोठे मागणे मागतो याचा विचार करत नाही.

आणि आज, त्याच अध्यायात, अवघ्या काही ओव्यांनंतर, मार्क तोच शब्द पुन्हा वापरतो. या वेळी तो आज्ञेत येत नाही, एका बाईच्या बाबतीत येतो.

येशू मंदिराच्या खजिन्यासमोर बसला आहे. यहुदी परंपरा सांगते की तिथे तुतारीच्या आकाराच्या तोंडांच्या तेरा पेट्या होत्या. नाणी धातूची. मोठी रक्कम टाकली की आवाज होणारच. श्रीमंत येतात, आवाज होतो, लोक वळून बघतात. मग एक गरीब विधवा येते आणि दोन टोल्या टाकते. त्या काळी मजुराला दिवसाला एक दिनार मिळे आणि अशा दोन टोल्या म्हणजे दिनाराचा चौसष्टावा भाग. आज कोणाची रोजची मजुरी पाचशे रुपये धरली तर साधारण आठ रुपये. एका कटिंग चहालाही कदाचित पुरणार नाहीत. त्यांचा आवाज कोणाला ऐकू गेला असेल? येशू मात्र शिष्यांना जवळ बोलावतो आणि सांगतो की हिने सर्वांपेक्षा अधिक टाकले, कारण हिने आपली 'संपूर्ण' उपजीविका टाकली. इथे पुन्हा तोच शब्द आहे, होलोस.

बंधुभगिनींनो, मार्क मुद्दाम सांगतो की नाणी दोन होती. या 'दोन'कडे आपण लक्ष द्यावे. एकच नाणे असते तर तिच्यापुढे दोनच वाटा होत्या, देणे किंवा न देणे. पण दोन होती. एक टाकून एक ठेवता आले असते. अर्धे देवाला, अर्धे संध्याकाळच्या भाकरीला. पन्नास टक्के दिले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. तो एक नाण्याचा हातचा तिने राखला नाही. येशूने पेटीत पडलेले मोजले नाही. त्याने हातात उरलेले मोजले.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण या शुभवर्तमानाचा गैरवापर आम्ही धर्मगुरूंनीच पुष्कळदा केला आहे. या विधवेच्या आधीच्या ओव्या वाचा. विधवांची घरे गिळणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने कोरडे ओढले आहेत. आणि पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. म्हणजे येशू त्या बाईचे कौतुक करतो, पण तिच्याकडून शेवटचे नाणे घेणाऱ्या व्यवस्थेचे कौतुक करत नाही. म्हणून आज मी वर्गणीविषयी एक शब्दही बोलणार नाही. 'सर्वस्व' हा शब्द माणसाने स्वतःविषयी वापरावा, दुसऱ्याकडे मागण्यासाठी नव्हे.

आणि हे केवळ मंदिरापुरते नाही. आपल्या घरांतही अशा बायका आहेत ज्या पहाटे सर्वांत आधी उठतात, सर्वांना वाढून शेवटी जेवतात आणि दुखणे अंगावर काढतात. आपण त्यांना 'त्यागमूर्ती' म्हणतो आणि ताट पुढे करतो. घरातल्या एकाने सर्वस्व द्यायचे आणि बाकीच्यांनी हातचे राखायचे, याला ख्रिस्ती कुटुंब म्हणता येणार नाही. शुभवर्तमान ऐकून आज कोणी आपल्या आईला किंवा पत्नीला म्हणाले, "बघ, त्या विधवेसारखी हो," तर त्याने शुभवर्तमान उलटे वाचले असे समजा. ती दोन नाणी माझ्यासाठी आहेत, माझ्या खिशासाठी.

आता माझ्या खिशाविषयीच सांगतो.

बरीच वर्षे झाली. मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. जुलै महिना, धो धो पाऊस. रात्री अकराच्या सुमारास फोन आला. एका वृद्ध आजारी गृहस्थांचा मुलगा बोलत होता. "फादर, बाबा तुमची आठवण काढतायत." त्या आठवड्यात दोन अंत्यविधी झाले होते, मी थकलो होतो. मी विचारले, "फार सिरियस आहे का?" तो घुटमळला. म्हणाला, "तसं नाही... पण विचारतायत." मी म्हणालो, "ठीक आहे, त्यांना सांग, सकाळी सहाची मिस्सा झाली की लगेच येतो. सात वाजता तुमच्याकडे."

मी खोटे बोललो नव्हतो. सातला मी खरोखर निघालो, छत्री, पवित्र तेल आणि पवित्र कम्युनियन घेऊन. घरापाशी पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे उभी होती. पहाटे चार वाजता ते गेले होते.

कोणी मला एक शब्दही बोलले नाही. उलट त्यांच्या पत्नीने मला बसायला खुर्ची दिली. प्रार्थना झाल्यावर ती हळूच म्हणाली, "फादर, तुम्ही येणार म्हणून रात्री त्यांनी शर्ट बदलून घेतला होता."

त्या रात्री मी सगळे दिले नव्हते असे कोणी म्हणणार नाही. दिवसभर राबलो होतो. माझ्याजवळ दोन नाणी होती. एक मी दिले होते आणि दुसरे झोपेसाठी राखले होते. थकलेल्या माणसाने विश्रांती घेऊ नये असे मी म्हणत नाही, प्रभू येशूही होडीत उशीवर डोके ठेवून झोपला होता. पण मला माझे मन माहीत आहे. "फार सिरियस आहे का?" हा प्रश्न मी त्यांच्यासाठी विचारला नव्हता, माझ्या गादीसाठी विचारला होता. माझ्या बादलीला होल होते ते तिथे. मी याचे पापनिवेदन केले आहे, क्षमा मिळाली आहे. तरी तो शर्ट मी अजून विसरलेलो नाही आणि विसरू नये अशीच माझी प्रार्थना आहे.

तुम्ही म्हणाल, फादर, मग सगळे दिले की सगळे मिळते का? त्या तरुणानेही दुसऱ्या दिवशी मला हेच विचारले. "एवढं करूनही नोकरी नाही मिळाली तर?" मी त्याला आपल्या किनाऱ्यावरचा जंजिरा दाखवला. शिवाजी महाराजांनी तो घेण्याचे पुन्हापुन्हा प्रयत्न केले. १६८२ साली संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालण्याचा प्रयत्न केला. याहून मोठी शर्थ कोणती? तरी जंजिरा पडला नाही. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत तो सिद्दींकडेच राहिला. पण म्हणून कोणी त्या प्रयत्नाला अर्धवट म्हणत नाही. प्रयत्न पूर्ण असणे वेगळे आणि यश पूर्ण असणे वेगळे. पहिले आपल्या हातात आहे, दुसरे नाही. त्या विधवेच्या दोन टोल्यांनी मंदिर वाचले नाही. चाळीसएक वर्षांनी, इ. स. ७० मध्ये, रोमनांनी ते जाळले. तिचे देणे मात्र दोन हजार वर्षे झाली तरी आपण आज वेदीवरून वाचतो आहोत.

आजच्या पहिल्या वाचनातील सारफथची विधवाही तशीच. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडेसे तेल. दुष्काळ पडलेला. स्वतःसाठी आणि मुलासाठी शेवटची भाकरी करायची आणि मग मरणाची वाट पाहायची, एवढाच तिचा विचार. संदेष्टा एलिया तिच्याकडे आधी आपल्यासाठी भाकरी मागतो. ती देते, आणि पीठ सरत नाही, तेल आटत नाही. लक्षात घ्या, तिचे मडके शिगोशीग भरले असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. फक्त ते रिते झाले नाही. रोज सकाळी उघडून पाहावे तर आजच्यापुरते आहे. देवाचे देणे बहुधा असेच असते. कोठार भरून मिळत नाही, दिवसापुरते मिळते. म्हणूनच तर आपण 'रोजची भाकर' मागतो.

आणि शेवटी दुसरे वाचन. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक एका छोट्या शब्दावर जोर देतो, 'एकदाच'. प्रमुख याजकाला दरवर्षी दुसऱ्याचे रक्त घेऊन परमपवित्र स्थानात जावे लागे, म्हणजे ते अर्पण कधी पुरे पडलेच नाही. ख्रिस्ताने मात्र स्वतःला एकदाच अर्पण केले, कारण मागे काही उरलेच नव्हते. क्रुसावर संत योहानाने टिपलेला त्याचा अखेरचा उद्गार ग्रीकमध्ये एकाच शब्दाचा आहे. पूर्ण झाले. कोशातले पानभर शब्द त्या एका शब्दापुढे फिके पडतात. त्या विधवेकडे पाहताना येशूच्या मनात काय आले असेल? थोड्याच दिवसांत त्यालाही आपली सगळी उपजीविका, आपला सगळा जीव त्या पेटीत टाकायचा होता. गर्दीतून त्याने तिला नेमके ओळखले याचे मला नवल वाटत नाही.

म्हणून बंधुभगिनींनो, हातचे न राखता द्यायचे म्हणजे आपल्या ताकदीबाहेर काहीतरी प्रचंड करायचे असे नाही. ज्याने आधी सगळे दिले त्याच्या हाती आपले दोन पैसे सोपवायचे. आपले कमी पडणारे तो भरून काढतो. वेदीवर दर मिस्साला द्राक्षारसात पाण्याचा थेंब मिसळला जातो तो तुम्ही पाहता. तो थेंब आपण आहोत.

या आठवड्यासाठी एक छोटेसे काम देतो. रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारा, आज मी कोणापाशी हातचे राखले? मुलगा बोलत होता तेव्हा माझे अर्धे लक्ष मोबाइलमध्ये होते का? भावाला माफ केले असे म्हणालो, पण बांधाची गोष्ट मनात जपून ठेवली का? म्हाताऱ्या आईला फोन केला, पण तिचे बोलणे संपण्याआधी ठेवला का? उत्तर सापडले तर घाबरू नका. दुसरे नाणे अजून हातातच आहे आणि उद्याचा दिवसही आहे. मला मात्र त्या सकाळी तेवढा वेळही मिळाला नव्हता.

त्या तरुणाचे काय झाले असे विचाराल तर सांगतो. अर्ज पाठवण्यापूर्वी तो पुन्हा एकदा आला. कोशातले सगळे मोठे शब्द त्याने खोडले होते. त्या जागी इंग्रजीतच साधे वाक्य लिहिले होते, ज्याचा अर्थ एवढाच, "दिलेले काम मी पुरे केल्याशिवाय सोडत नाही." मी त्याला विचारले, "हे खरं आहे का रे?" तो हसला. म्हणाला, "फादर, खरं करायला लागणार आता."

मी सही करून दिली.

प्रभू येशू आपणां सर्वांना आपल्या संपूर्ण प्रीतीने भरो आणि आपल्या हातांतले राखलेले एकेक नाणे हळूहळू सोडवून घेवो. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू